अफू, आतडं आणि सोनामुखी

अब्बांना मॉर्फिनची पहिली गोळी दिली त्या रात्री ते सलग सात तास झोपले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. अम्मी मध्यरात्री दोनदा उठली, त्यांच्या नाकाजवळ हात धरून श्वास चालू आहे ना, ते बघून आली. फजरच्या वेळी ते आपणहून जागे झाले, तक्क्याला टेकून बसले आणि म्हणाले, "आज चाय में शक्कर बराबर है." साखर रोजच्याएवढीच होती. हाडांतलं दुखणं थांबलं म्हणून जिभेला चव परत आली होती.

बाराव्या दिवशी त्याच अब्बांनी माझा गोळीचा हात बाजूला सारला. "वो गोली नको रे बाबा. दर्द चलेगा, ये नहीं चलेगा."

'ये' म्हणजे काय, हे सांगायला त्यांनी आणखी दोन दिवस घेतले. तेही मला नाही, माझ्या मामांना. आठ दिवस त्यांना संडासला झालेली नव्हती. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. गावातल्या निम्म्या पुरुषांच्या कमरेची मापं त्यांच्या वहीत होती. पण स्वतःच्या पोटाबद्दल मुलाशी, सुनेशी बोलायचं म्हणजे त्यांना मरणापेक्षा जड. पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं, जेवण सुटलं होतं, मळमळ होती आणि आम्ही सगळे ते 'आजाराचंच' समजत होतो.

त्यानंतर जे झालं ते अजून आठवलं की अंगावर काटा येतो. दहाव्या दिवशी कपड्याला पातळ डाग दिसू लागले. आम्हाला वाटलं, सुटलं एकदाचं. उलट आता जुलाब लागले. मी औषधाच्या दुकानात गेलो, 'वडिलांना जुलाब होतायत' म्हणालो आणि जुलाब बंद करायच्या गोळ्या घेऊन आलो. दोन दिल्या. त्या रात्री अब्बा जसे कण्हले तसे ते कॅन्सरच्या दुखण्यानेही कण्हले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरातून घरी येऊन रुग्ण बघणाऱ्या एका डॉक्टरबाई आल्या. त्यांनी पोटावर हात ठेवला, मागून तपासणी केली आणि शांतपणे विचारलं, "मॉर्फिनसोबत पोट साफ व्हायचं औषध कुठलं चालू आहे?" मी फाइल पुढे केली. मोठ्या दवाखान्याच्या त्या कागदावर मॉर्फिन होतं, उलटीची गोळी होती, अ‍ॅसिडिटीची होती. पोटासाठी एक ओळ नव्हती. खाली खडा अडकून बसला होता आणि त्याच्या बाजूने पातळ मल पाझरत होता. मी ज्याला जुलाब समजलो तो बद्धकोष्ठाचाच शेवटचा टप्पा होता. आणि मी त्यावर आणखी बूच मारलं होतं.

हा लेख मात्र अब्बांवर नाही. मी उर्दू शाळेत मराठी शिकवणारा मास्तर. वैद्यकातलं मला जे कळतं ते वाचून आणि विचारून. पण एक प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. अफू माणूस हजारो वर्षं वापरतोय. ती दुखणं थांबवते आणि पोटही थांबवते, हेही तेवढंच जुनं ज्ञान असणार. मग आमच्या कागदावर ती एक ओळ का नव्हती? उत्तर शोधताना मी बराच लांब फिरून आलो. बगदाद-इस्फहानपासून मुंबई बंदरापर्यंत.

सुरुवात शब्दापासून करतो, ती मास्तरांची खोड. उर्दूत बद्धकोष्ठाला म्हणतात कब्ज. अरबीत त्याचा मूळ अर्थ मुठीत धरणं, आवळणं. मराठीत आपण जमिनीवर 'कब्जा' घेतला म्हणतो, तो याच मुळातला. बद्धकोष्ठ या संस्कृत शब्दातही बांधलं जाणंच आहे. आणि अफू? ग्रीक 'ओपिऑन', म्हणजे खसखशीच्या बोंडाचा रस. अरबांनी त्याचं 'अफ्यून' केलं, आपण अफू. शब्द ज्या वाटेने आले त्याच वाटेने औषधही फिरलं.

युनानी वैद्यकाच्या ग्रंथांत अफूची ओळख 'मुखद्दिर' अशी आहे. मुखद्दिर म्हणजे बधिर करणारं. तिचा स्वभाव अत्यंत थंड आणि कोरडा मानला गेला. इब्न सिनाच्या 'अल-कानून'मध्ये ती दुखण्यावर आहे, खोकल्यावर आहे आणि अतिसार थांबवण्यासाठीही आहे. म्हणजे अफू आतडं रोखते हे हकिमांना पक्कं ठाऊक होतं. ते त्याचा उपयोगच करत होते. पोटशूळ, ज्याला ते 'कुलंज' म्हणत, त्यावर इब्न सिनाने स्वतंत्र छोटा ग्रंथ लिहिला आहे. कुलंजमध्ये अफू देताना वैद्यापुढे पेच असतो, हेही त्याने ओळखलं होतं: वेदना तर असह्य आहे, पण बधिर करणारं औषध आतली अडलेली गोष्ट आणखी अडवून ठेवतं. हजार वर्षांपूर्वीचा हा पेच माझ्या घरात जसाच्या तसा बसला होता.

आणि नशिबाचा खेळ बघा, इब्न सिना स्वतः गेला तो कुलंजच्याच आजारात. त्याचा शागीर्द जुझजानी याने ते सगळं लिहून ठेवलं आहे. राजाच्या लष्कराबरोबर मोहिमेवर असताना त्याला पोटशूळ उठला. मागे पडू नये म्हणून बरं होण्याची घाई. एका दिवसात त्याने स्वतःला आठ वेळा बस्ती घेतली. आतड्याला व्रण पडले. पुढे बस्तीत अजमोद्याचं बी किती घालायचं यात एका वैद्याने गफलत केली. आणि त्याच्या नोकरांनी, ज्यांनी त्याच्या पैशांत हात मारला होता, त्याच्या औषधात जास्तीची अफू मिसळली, असं जुझजानी सांगतो. इ.स. १०३७मध्ये हमदानला त्याचा अंत झाला. आज निदान नेमकं कुणी करू शकणार नाही. पण जगातला सर्वांत मोठा हकीम शेवटी आतडं, बस्ती आणि अफू या तिढ्यात सापडला, हे वाचून मला अब्बांची शरम थोडी हलकी वाटली.

आता दुसरं झाड. अरबीत 'सना', युनानी दुकानांत 'सना मक्की', मराठीत सोनामुखी, काही भागांत भुईतरवड. तिच्या पानांनी आणि शेंगांनी पोट मोकळं होतं. तिर्मिझी आणि इब्न माजा यांच्या हदीससंग्रहांत असमा बिन्त उमैस यांची हकिकत येते: पोट साफ करण्यासाठी त्या एक जहाल वनस्पती घेत असत, ती फार उष्ण असल्याचं पैगंबरांनी (स.) सांगितलं, पुढे त्या सना वापरू लागल्या तेव्हा त्यांनी तिची मोठी तारीफ केली. आपल्याकडे ही हदीस छापून सनाच्या पुड्या विकणारे पुष्कळ आहेत आणि 'मौत सोडून सगळ्यावर इलाज' असं वर लिहिणारेही. माझं म्हणणं इतकंच, की त्या हकिकतीतला नेमका मुद्दा सौम्य आणि जहाल यातली निवड हा आहे. त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

ही दोन झाडं, एक बांधणारं आणि एक सोडवणारं, आपल्या मुंबईच्या बंदरात एकमेकांसमोरून जात होती. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू बैलगाड्यांनी आणि उंटांवरून पश्चिम किनाऱ्याला यायची आणि मुंबईहून जहाजात चढून चीनला जायची. त्याच काळात अरबस्तानातली सना मोखा बाजूच्या बंदरांतून मुंबईत उतरायची आणि इथून युरोपला जायची. तिकडच्या औषधबाजारात तिला मुंबईचंच नाव पडलं होतं. पुढे तिरुनेलवेलीच्या कोरड्या जमिनीत तिची लागवड झाली आणि 'तिन्नेवेली सना' जगभर गेली. आजही भारत हा सनाचा मोठा निर्यातदार आहे.

अफूच्या त्या व्यापारात सर जमशेटजी जीजीभाईंचं नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे भागीदार कोण होते, हे आपल्या लोकांना फारसं ठाऊक नाही. एक जैन, मोतीचंद अमीचंद, आणि दुसरे कोकणी मुसलमान, जहाजांचे मालक महंमद अली रोगे. गोव्याचे रोजेरिओ डि फारियाही या व्यापारात होते. पारशी, जैन, कोकणी मुसलमान, गोवेकर ख्रिस्ती: मुंबईच्या एकोप्याची उदाहरणं देताना आपण हे सोयीस्करपणे वगळतो. त्याच पैशातून जमशेटजींच्या देणगीने १८४५मध्ये जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. चीनमधल्या अफूबाजांच्या बरबादीवर मुंबईतल्या गरिबांची खाट. यावर निकाल देण्याइतका मी मोठा नाही. नोंद करून पुढे जातो.

अफूचं पोटाशी असलेलं नातं त्या शतकात दोन्ही बाजूंनी दिसतं. एकीकडे पटकी. हिंदुस्थानात लष्करी डॉक्टर असलेल्या जॉन कॉलिस ब्राउनने १८४८मध्ये 'क्लोरोडाइन' नावाचं मिश्रण केलं; त्यात अफूचा अर्क, भांग आणि क्लोरोफॉर्म होतं. पटकीच्या जुलाबांवर म्हणून ते निघालं आणि पुढे घराघरांत गेलं. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाला 'बाळगोळी' देत, तीही अफूचीच. मूल झोपायचं, रडायचं नाही आणि त्याचं पोटही गप्प व्हायचं. दुसरीकडे अफूच्या आहारी गेलेले लोक. इंग्रजी कवी कोलरिज १८०४मध्ये माल्टाला जहाजाने निघाला, तेव्हा त्याचं पोट असं बांधलं गेलं की ताफ्यातल्या दुसऱ्या जहाजावरून सर्जन बोलवावा लागला. त्या लाजिरवाण्या प्रसंगाच्या नोंदी त्याने आपल्या वह्यांत केल्या. एवढा मोठा कवी, शब्दांचा मालक, आणि वहीत लिहितोय ते आपल्या आतड्याच्या अपमानाबद्दल. मला हा माणूस अचानक अब्बांच्या खाटेशेजारी बसलेला दिसला.

कोलरिज जहाजात होता त्याच सुमारास जर्मनीतल्या पाडरबॉर्न गावात फ्रीडरिश झेर्ट्यूर्नर नावाचा विशी-बाविशीतला औषध-दुकानातला मदतनीस अफूचं सत्त्व वेगळं करत होता. त्याचा महत्त्वाचा निबंध १८१७मध्ये आला. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याने सत्त्वाला नाव दिलं आणि त्यातून मॉर्फिन झालं. आता मात्रा मोजता येऊ लागली. १८५०नंतर सुई आली. पण सत्त्व शुद्ध केलं म्हणून आतड्यावरचा परिणाम काही गाळून निघाला नाही. तो त्याच रेणूचा गुण होता.

तो गुण का, हे कळायला विसावं शतक उजाडलं आणि गंमत अशी की उत्तर मेंदूत नाही, गिनीपिगच्या आतड्यात मिळालं. १९१७मध्ये पाउल ट्रेंडेलेनबुर्ग याने मीठपाण्यात जिवंत ठेवलेल्या आतड्याच्या तुकड्याची हालचाल मॉर्फिनने कशी थांबते ते दाखवलं. म्हणजे मेंदूचा हुकूम लागतच नाही. तुकडा कापून वेगळा केला तरी मॉर्फिन त्याला गप्प करतं. पुढे स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला हान्स कोस्टरलिट्झ वर्षानुवर्षं असेच तुकडे घेऊन बसला आणि १९७५मध्ये त्याने व जॉन ह्यूजने शरीराची स्वतःची अफू, एन्केफॅलिन, जाहीर केली. दरम्यान १९७३मध्ये मेंदूत अफूची 'कुलपं' सापडली होती. तीच कुलपं आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंच्या जाळ्यावरही आहेत. मॉर्फिनची किल्ली तिथे बसली की आतड्याची पुढे ढकलणारी लाट मंदावते, पाचकरस कमी सुटतात, मल जास्त वेळ आत राहिल्याने त्यातलं पाणी शोषलं जातं आणि शेवटचं दारही घट्ट आवळलं जातं. मूठ आवळणं. कब्ज.

इथेच मला माझ्या चुकीचा हिशेब मिळाला. जुलाब थांबवायची जी गोळी मी अब्बांना आणून दिली, ती लोपेरामाइड. बेल्जियममधल्या पाउल यान्सेनच्या प्रयोगशाळेत १९६९मध्ये ती तयार झाली. ती स्वतः अफूच्याच कुळातली आहे. फक्त नेहमीच्या मात्रेत मेंदूत पोचत नाही, आतड्यावरच्या कुलपांतच बसते. म्हणून नशा नाही, वेदनाशमन नाही, निव्वळ बूच. अफूने बांधलेल्या माणसाला मी अफूचीच धाकटी बहीण पाजली होती.

मॉर्फिनची मळमळ, गुंगी, डोकं जड होणं हे त्रास बहुतेकांना काही दिवसांत कमी होतात, शरीर सरावतं. आतडं मात्र जवळपास सरावत नाही. महिना झाला, दोन झाले, तरी ते तसंच बांधलेलं. म्हणून 'त्रास झाला तर बघू' हे धोरण इथे चालत नाही. गोळी सुरू त्याच दिवशी पोटाचं औषध सुरू आणि गोळी असेपर्यंत ते चालू.

ही शिस्त घालून दिली ती लंडनच्या बायकांनी आणि काही पुरुषांनी. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग वयाच्या तिशीत डॉक्टर झाल्या. १९५८पासून त्यांनी सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये मरणाऱ्या रुग्णांना मॉर्फिन घड्याळाप्रमाणे द्यायला सुरुवात केली, दुखणं उसळायची वाट न बघता. १९६७मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. सॉन्डर्सबाईंचं नाव वेदनेच्या संदर्भात घेतात ते बरोबरच आहे. पण खाटेजवळ बसणाऱ्या नर्सला जे कळतं ते तिथल्या कामात पूर्ण उतरलं होतं: रोज विचारायचं, लिहायचं, मोजायचं. संडास हाही उपचाराच्या कागदावरचा विषय. १९८६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या दुखण्यासाठी तीन पायऱ्यांची पद्धत जाहीर केली आणि मॉर्फिन त्या शिडीच्या माथ्यावर आलं.

आणि आपण? १९८५मध्ये आपल्याकडे अंमली पदार्थविरोधी कायदा झाला. हेतू चांगला होता. पण चुकीला किमान दहा वर्षांची सजा आणि मॉर्फिन ठेवायला निरनिराळ्या खात्यांचे निरनिराळे परवाने. दवाखान्यांनी हात वर केले. देशातला मॉर्फिनचा वापर काहीशे किलोंवरून १९९७मध्ये १८ किलोंवर आला. मंदसौर, नीमच, चित्तोडगडच्या शेतांत सरकारच्या देखरेखीखाली अफू पिकते, गाझीपूर आणि नीमचच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर काम होतं, ती परदेशी औषध कंपन्यांना जाते. आणि नीमचपासून आठ तासांवरचा कॅन्सरचा रुग्ण ओरडत मरतो. कायदा सुधारायला २०१४ साल उजाडलं. मॉर्फिनसारखी औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यताप्राप्त दवाखान्यांना ती ठेवणं सोपं झालं.

माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे मिळालं, निदान मला तसं वाटतं. जवळजवळ तीस वर्षं आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर मॉर्फिन न हाताळता शिकले. औषध गेलं की त्याच्यासोबतचा हातही जातो. आता गोळी परत आली आहे, पण ती लिहिताना खाली दुसरी ओळ आपोआप लिहिणारा हात सगळीकडे परत आलेला नाही. उरलेलं अर्धं उत्तर आपल्याकडेच आहे: शरम. डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण सांगत नाही.

जिथे हात टिकला, तिथे काय झालं तेही सांगायला हवं. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना हे देशातलं पहिलं हॉस्पिस १९८६मध्ये सुरू झालं. कालिकतला १९९३मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या साथीदारांनी संस्था काढली आणि मल्याळी गावागावांत स्वयंसेवक उभे केले. त्या कामात मलबारच्या मापिला मुसलमानांचा सहभाग मोठा आहे. याच मंडळींनी १९९८मध्ये एक छोटा पण मला फार आवडलेला अभ्यास छापला. मॉर्फिन घेणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांपैकी काहींना सना दिली, काहींना 'मिश्रकस्नेह' हे आयुर्वेदिक तुपा-एरंडेलाचं औषध. दोन्हींच्या परिणामात लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. त्याच वर्षी स्पेनमधल्या ९१ रुग्णांच्या अभ्यासात सना आणि लॅक्ट्युलोजचं महाग सिरप यांची तुलना झाली. तिथेही फरक नाही, सना स्वस्त. असमा बिन्त उमैस यांची सना तेरा-चौदा शतकांनंतर माद्रिदच्या दवाखान्यात पास झाली, असं मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही ऐकू लागली.

एक कथा अमेरिकेतली. शिकागो विद्यापीठात लिऑन गोल्डबर्ग नावाचे औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांचा एक मित्र हाडांत पसरलेल्या कॅन्सरने आजारी होता आणि मॉर्फिनमुळे पोट इतकं बांधलं गेलं की तो दुखणं सोसून मॉर्फिन नाकारू लागला. 'दर्द चलेगा, ये नहीं चलेगा' हे फक्त माझ्या अब्बांचं वाक्य नव्हतं. गोल्डबर्ग कामाला लागले. मॉर्फिनचा असर उतरवणारी औषधं होती, पण ती मेंदूत शिरून वेदनाशमनही उतरवत. त्यांनी अशा एका रेणूवर काम केलं, जो मेंदूच्या दारातून आत जाऊ शकत नाही. आतड्यातल्या कुलपांतून मॉर्फिनची किल्ली काढतो, डोक्यातल्या नाही. मिथाइलनाल्ट्रेक्सोन त्याचं नाव. गोल्डबर्ग १९८९मध्ये वारले; सहकाऱ्यांनी काम पुढे नेलं. २००८मध्ये १३३ गंभीर रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला: पहिल्या इंजेक्शननंतर चार तासांत ४८ टक्के लोकांना संडास झाली, नुसतं पाणी टोचलेल्यांत १५ टक्क्यांना. त्याच वर्षी अमेरिकेत मंजुरी मिळाली. मित्रासाठी सुरू झालेलं काम मित्राच्या काय, स्वतः गोल्डबर्ग यांच्याही हयातीत पुरं झालं नाही. ते औषध महाग आहे आणि साध्या उपायांनी भागलं नाही तर त्याची पाळी येते. पहिली पायरी अजून पानांचीच.

त्या डॉक्टरबाईंनी आमच्याकडे जे केलं ते सांगतो, कारण वाचकांपैकी कुणाच्या घरी आज हे चालू असेल. आधी खालचा खडा एनिमाने आणि हाताने मोकळा केला; अब्बांना त्यासाठी थोडं जादा वेदनाशामक दिलं, पडदा लावला, खोलीत फक्त मामा थांबले. मग रात्री सनाच्या गोळ्या आणि सोबत मल मऊ ठेवणारं, पाणी ओढणारं औषध. मात्रा दोन-तीन दिवसांनी वाढवायची, जोवर पोट सहज हलत नाही तोवर. अम्मीने इसबगोल पुढे केलं. "हे नको," बाई म्हणाल्या. हे मला नवीन होतं. आपल्या घरांत कब्ज म्हटलं की इसबगोल. पण ते भुशासारखं फुगतं आणि पुढे सरकायला भरपूर पाणी व हलणारं आतडं लागतं. दिवसाला दोन पेले पाणी पिणाऱ्या, मॉर्फिनने आतडं झोपलेल्या माणसात ते आतच घट्ट गोळा होऊन बसू शकतं. आणि एक इशारा: पोट फुगलंय, उलट्या होतायत, वाराही सरत नाही, असं असेल तर आतडं कुठेतरी गाठीने अडलेलं असू शकतं, तिथे सनासारखं ढकलणारं औषध आपल्या मनाने द्यायचं नाही, डॉक्टरला बोलवायचं. पातळ पाझर दिसला तरी आधी तपासणी, मग गोळी. माझ्यासारखं दुकानात पळायचं नाही.

अब्बांचा आणखी एक अडसर होता. एनिमानंतर दोन दिवस मधूनमधून पाझर राहिला आणि ते नमाज सोडून बसले. 'मैं पाक नहीं हूँ.' शेजारच्या मशिदीचे इमामसाहेब बघायला आले तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं. ते आत गेले, अब्बांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "चाचा, आप माजूर हैं. हर वक्त का एक वजू काफी है." ज्याचा त्रास थांबत नाही त्याला शरियतने ही सवलत फार जुन्या काळापासून दिलेली आहे, आम्ही ती पुस्तकात वाचली होती, घरात कधी वापरली नव्हती. मॉर्फिनमध्ये नशा आहे का, हराम आहे का, हे अब्बांनीही विचारलं. इमामसाहेब म्हणाले, डॉक्टरने दिलेली दवा आहे, नशेसाठी नाही, खुशाल घ्या. त्या दिवशी अस्रला अब्बांनी खाटेवर इशाऱ्याने नमाज पढली आणि रात्रीची गोळी स्वतः मागितली.

त्यानंतर ते नऊ आठवडे होते. मी शाळेच्या जुन्या हजेरीपटात तीन रकाने आखले: मॉर्फिनची वेळ, सनाची वेळ आणि तिसरा 'ये'. तिसऱ्या रकान्यात मामा बरोबरची खूण करायचे. दोन दिवस कोरे गेले की डॉक्टरबाईंना फोन. अब्बा हळूहळू त्यावर थट्टाही करू लागले, सकाळी खूण झाली की म्हणायचे, "मास्तर, हाजिरी लगा दो."

मागच्या रमजानमध्ये शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या पत्नीला मॉर्फिन सुरू झालं. मी घरी गेलो, हजेरीपटाची आखलेली पानं दिली आणि फाइल दाखवा म्हटलं. मॉर्फिनखाली दुसरी ओळ होती.

"ही कशाची?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

ते उठले, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "सर, बरं झालं. हिने दोन दिवसांपासून काहीतरी सांगायचं म्हणून तोंड उघडलंय आणि मिटलंय."